तुळस का वाळते?



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाने कुंडीतल्या रोपाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नव्हे. जे काही मिळवले ते वाचनालयातून आणि मातीत हात घालून. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. सोलापुरातल्या जुन्या पेठांतले वाडे घ्या, गिरण्यांच्या काळातल्या चाळी घ्या, की कुंभारीजवळ बिडी कामगार स्त्रियांसाठी उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत घ्या; दाराशी एखादे रोप नाही असे घर विरळाच. त्यातही मान तुळशीचा. कुंडी परवडत नसेल, तर रंगाचा रिकामा डबा चालतो.

ही तुळस वाळू लागली, की घरात कुजबूज सुरू होते. घरावर काही संकट येणार, कोणाची दृष्ट लागली, कोणी शिवाशिव पाळली नाही. आणि फिरून फिरून बोट वळते ते बहुधा घरातल्या सुनेकडे. म्हणून हा प्रश्न केवळ बागकामाचा नाही. आरोप ठेवण्यापूर्वी पुरावा पाहावा, हा न्यायाचा पहिला नियम आहे; आणि इथला पुरावा मातीखाली असतो.

पहिली गोष्ट अशी, की मुळे श्वास घेतात. पाने उन्हाच्या साहाय्याने साखर तयार करतात, हे आपण शाळेत शिकलो. परंतु ती साखर वापरून वाढायचे, पाणी आणि क्षार शोषायचे, तर मुळांना प्राणवायू लागतो, हे सहसा ध्यानात राहत नाही. तो मिळतो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून. या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या, की त्याची वाट जवळजवळ बंद होते. कारण हवेतल्यापेक्षा पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग सुमारे १०,००० पटींनी कमी असतो. मुळांची कोवळी टोके आधी गुदमरतात आणि मग मरतात.

दुबळ्या झालेल्या या मुळांवर मातीतले रोगजंतू चालून येतात. त्यांत पिथियम आणि फायटोफ्थोरा हे दोन प्रमुख. दिसायला ते बुरशीसारखे, पण शास्त्रज्ञ त्यांना खऱ्या बुरशीहून निराळे मानतात. त्यांच्या बीजाणूंना शेपट्या असतात आणि साचलेल्या पाण्यात पोहत ते मुळापर्यंत पोहोचतात. फायटोफ्थोरा हे नाव जर्मन शास्त्रज्ञ डी बारी याने १८७६ साली दिले. त्याचा अर्थच वनस्पतींचा संहारक. याच वंशातल्या एका जिवाने १८४५ पासून आयर्लंडमधले बटाट्याचे पीक नासवले, आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली. त्याच काळात आयर्लंडमधून धान्य जहाजांत भरून बाहेर जात होते, हेही सांगितले पाहिजे. रोग येतो तो एकटा येत नाही. त्याला अनुकूल परिस्थिती कोणीतरी तयार करून ठेवलेली असते.

आता मुळेच मेली, तर पाणी शोषणार कोण? भोवती पाणी असूनही रोप तहानलेले राहते आणि पाने माना टाकतात. तहानेने कोमेजलेले रोप आणि बुडून कोमेजलेले रोप वरून पाहता एकसारखेच दिसते. घरातले माणूस कळवळून आणखी एक तांब्या ओतते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत.

हे जादा पाणी येते कोठून? तुळशीच्या बाबतीत ते श्रद्धेतून येते. आंघोळ झाली, की प्रत्येकाने तांब्याभर पाणी घालायचे. घरात पाच माणसे असली, तर पाच तांबे. वैशाखाच्या उन्हात ते खपून जाते, परंतु श्रावणातल्या ढगाळ हवेत आणि मार्गशीर्षातल्या थंडीत ते तसेच साचते. त्यात आपल्या नळाची तऱ्हा. अनेक वर्षे या शहराला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी मिळत आले. नवे पाणी आले, की साठवलेले शिळे पाणी रिते करायचे ते कुंडीत. चार दिवस कोरड आणि पाचव्या दिवशी पूर, असा हा कारभार.

दुसरे कारण माती. सोलापूरची काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली, कणांनी अतिशय बारीक. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की आकसून भेगाळते. शेतात तिचा हा गुण ज्वारीला तारतो, कारण ती ओल धरून ठेवते. डब्यात मात्र तोच गुण घातक होतो. डाळिंबाच्या बागायतदारांना हे ठाऊक आहे. भारी, चिबड जमिनीत मर रोगाचा धोका जास्त, म्हणून निचऱ्याची हलकी, मुरमाड जमीन त्या झाडाला मानवते. केगाव येथे २००५ साली डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले, ते आपल्या दाराशीच आहे. बागेला जो न्याय, तोच कुंडीला.

तिसरे कारण डब्याचे बूड. त्याला भोक नसेल, तर बाकी सारे उपाय व्यर्थ. पुष्कळ जण तळाशी खड्यांचा जाड थर घालतात आणि निचऱ्याची सोय झाली असे समजतात. हा समज चुकीचा आहे. बारीक मातीतले पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही. वरची माती पुरती भिजून तुडुंब झाल्यावरच ते खाली पडते. म्हणजे खड्यांमुळे चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. घरी एक प्रयोग करून पाहा. लांबट स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणे थांबले, की तोच उभा धरा. पुन्हा पाणी गळू लागेल. उथळ भांड्यापेक्षा उंच भांड्यात मातीचा वरचा भाग कोरडा राहतो, तो याच कारणाने. भोकावर एक खापरी पुरे.

आता परीक्षा. पाने मलूल असतील, तर आधी बोट दोन पेरे मातीत घाला. माती कोरडी असेल, तर पाणी द्या; संध्याकाळपर्यंत रोप मान वर करील. माती ओली असूनही पाने पडलेली असतील, तर पाणी तात्काळ बंद करा आणि रोप मातीच्या गड्ड्यासह अलगद बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरे आणि टणक असते. कुजलेले मूळ तपकिरी-काळे, मऊ. चिमटीत धरून ओढले, तर साल निघून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर राहते. वासही कुबट येतो.

उपचार असा. मुळे हलक्या हाताने धुवा. स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कुजका भाग पांढऱ्या मुळापर्यंत कापून टाका. जितकी मुळे गेली, त्या मानाने वरचा शेंडाही छाटा. थोड्या मुळांवर सगळ्या पानांचा भार टाकू नये. जुनी माती पुन्हा वापरू नका. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, असे मिश्रण करा. कुंडी भाजक्या मातीची असावी आणि मुळांना पुरेल एवढीच. मोठ्या कुंडीतली जादा माती नुसती ओल धरून बसते. लावल्यावर एकदा पाणी देऊन रोप आठ-दहा दिवस उजेडाच्या सावलीत ठेवा. नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नका; आजारी माणसाला कोणी पुरणपोळी वाढत नाही. जमिनीलगतचे खोडच सगळीकडून मऊ पडले असेल, तर ते रोप वाचत नाही. अशा वेळी वरची हिरवी काडी कापून पाण्यात किंवा ओल्या वाळूत मुळे फुटायला ठेवावी आणि मंजिऱ्यांचे बी जपावे. तुळस मुळातच फार दीर्घायुषी नव्हे. चार-दोन वर्षांनी ती वयानेही वाळते.

दुबळ्या रोपाला कीड लवकर लागते. देठांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्यांवर मावा. उन्हाळ्यात पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळी दिसली, तर लाल कोळी. रोपावर मुंग्यांची रांग दिसली, तरी सावध व्हावे. पिठ्या आणि मावा यांच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. दुसऱ्याच्या कष्टावर पोसणाऱ्यांना राखणदार सर्वत्रच मिळतात.

असे रोप आधी इतरांपासून वेगळे ठेवा. पिठ्या स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने टिपून काढा. मावा आणि कोळी पाण्याच्या धारेने पानांच्या खालच्या बाजूने धुऊन काढा. मग लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे सौम्य साबणाचे पाणी घोटून संध्याकाळी फवारा. एका फवारणीत अंडी मरत नाहीत. म्हणून आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारावे. या काळात ती पाने खाऊ नयेत.

कडुनिंबाचा हा गुण आपल्या आज्यांना माहीत होता. १९६२ साली दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेतले डॉ. प्रधान यांनी निंबोळीची पूड पाण्यात कालवून पिकावर फवारली, तर टोळ त्या पिकाला तोंड लावत नाहीत, हे दाखवून दिले. तरीही १९९४ साली युरोपात निंबोळी तेलाच्या बुरशीनाशक वापराचे पेटंट एका अमेरिकन कंपनीला आणि तिथल्या सरकारच्या कृषिखात्याला देण्यात आले. त्याविरुद्ध लढा झाला. २००० साली ते रद्द झाले आणि २००५ साली अपीलही फेटाळले गेले.

एक इशारा बिडी कामगार भगिनींसाठी. घरात तंबाखूची भुकटी असते आणि तिचा काढा किडीवर चालतो, हे खरे. परंतु निकोटीन हे जहाल विष आहे. ते कातडीतूनही अंगात भिनते. दिवसभर ती धूळ श्वासात जातेच आहे, तिचा काढा उकळून आणखी भर घालू नका. जिचे पान लहान मुलाच्या खोकल्यावर द्यायचे, त्या तुळशीवर तर तो मुळीच नको. निंबोळीवर भागते.

श्रद्धेने पाणी घालणाऱ्यांना मी पाणी घालू नका, असे म्हणत नाही. पाच जणांनी पाच तांब्यांऐवजी पाच पळ्या घालाव्यात. भाव तोच राहील आणि रोप जगेल. आज घरी गेल्यावर डबा उचलून बूड पाहा. भोक नसेल, तर खिळा तापवून चार-पाच भोके पाडा आणि खालच्या ताटलीत साचलेले पाणी ओतून द्या. आणि तुळस वाळलीच, तर सुनेला बोल लावण्यापूर्वी आज घरातल्या किती जणांनी पाणी घातले, एवढे मोजा.