सभागृह कुणाचे?

मुंबई महापालिकेच्या इमारतीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी बोरीबंदर स्थानकानंतर त्याच्यासमोरच ती उभारली. १८९३ साली ती पूर्ण झाली. दोन रस्त्यांच्या कोनात बसवलेली गॉथिक कमानींची रांग, वर इस्लामी घाटाचे घुमट, मधला सुमारे ७० मीटर उंच. दर्शनी भागावर पंख असलेली मूर्ती ‘भारतातील पहिली नगरी’ म्हणून मिरवते. ज्यांनी या नगरीचा मैला डोक्यावरून वाहिला, त्यांची मूर्ती तिथे नाही. असो.

आपण पाहायचे ते आतले. एकाच छताखाली सभागृह आहे आणि आयुक्तांचे कार्यालयही. १८८८ च्या कायद्याने ही विभागणी केली: अंदाजपत्रक सभागृहाने मंजूर करायचे, अंमल मात्र सरकारने नेमलेल्या आयुक्ताने करायचा. सभागृहात बसणार कोण, हे कर आणि घरभाडे ठरवत असे. रस्ता झाडणारा पालिकेचा चाकर होता, मतदार नव्हता. प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली.

ठराव आणि अंमल यांतले अंतर आपल्या समाजाने महाडला अनुभवले आहे. १९२३ च्या बोले ठरावानंतर तिथल्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, ते कागदावर. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी पाणी प्यायल्यावर ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला!

मग सभागृह हवेच कशाला? याचे उत्तर गोखिवऱ्यात मिळते. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. मुख्यालय विरारला, सभासद ११५. शहराचा कचरा येतो तो गोखिवऱ्याच्या भोयदापाड्याला. २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे राहिला. इमारत उघडी, पंखे चालू, कर वसूल होत होते. पण कचऱ्याच्या धुराबद्दल अधिकाऱ्याला जाब विचारणारा निवडलेला माणूस नव्हता. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागाही तेवढी वर्षे रिकाम्याच होत्या, याची चर्चा फारशी कुणी केली नाही. नागरिक निवेदन देऊ शकतो, पोच घेऊ शकतो. सभेत प्रश्न मांडण्याचा अधिकार मात्र सभासदाचा. म्हणून भोयदापाड्याचा प्रश्न आधी त्याच्या हाती लेखी द्यावा लागेल, आणि तो सभेत मांडला का, हे विरारला जाऊन विचारावे लागेल.