जुनं ऑइल योग्य हाती पडेपर्यंत

गाडीचं इंजिन ऑइल घरच्या घरी बदलता येतं का? येतं. सपाट जागा, दोन-तीन पाने, मजबूत स्टँड, एक पसरट टब आणि तासाभराची सवड असली, की छोट्या पेट्रोल गाडीचं हे काम व्यवस्थित होतं. ते शिकून घेण्यात फायदाही आहे. मात्र हे काम शिकवणारे बहुतेक जण नवं ऑइल भरून झाकण बसवलं की थांबतात. टबात साचलेल्या तीन-साडेतीन लिटर काळ्या ऑइलचं पुढे काय करायचं, हे कुणी सांगत नाही. माझ्या मते या कामाचा खरा कस तिथेच लागतो. जुनं ऑइल योग्य ठिकाणी पोचवण्याची सोय आधी झाली असेल, तर ऑइल जरूर घरी बदलावं. तशी सोय नसेल, तर पाना हातात घेऊ नये.

ऑइल मुळात बदलावं का लागतं, हे आधी पाहू. इंजिनाच्या हलत्या भागांमध्ये ऑइलचा पातळ थर असतो, म्हणून धातूवर धातू घासत नाही. हेच ऑइल उष्णता वाहून नेतं, गंज रोखतं, ज्वलनातून आलेली काजळी आणि धातूचा बारीक कीस स्वतःत धरून ठेवतं. एवढी कामं साधावीत म्हणून मूळ तेलात निरनिराळी रसायनं मिसळलेली असतात. वापरात ही रसायनं संपत जातात, उष्णतेने तेल बिघडू लागतं, त्यात थोडं पेट्रोल आणि पाण्याचा अंश मिसळतो. नुसत्या काळ्या रंगावरून मात्र ऑइल निकामी झालं असं ठरवता येत नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. हल्लीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांसाठी कंपन्या १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी पूर्ण होईल ती मुदत देतात. गाडी कमी चालते म्हणून वर्षाची अट सोडून देणं चुकीचं आहे. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडीचं इंजिन पुरेसं तापत नाही, त्यामुळे ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. ग्रेडच्या बाबतीतही हीच शिस्त हवी. ५डब्ल्यू-३० या खुणेतला पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल कितपत वाहतं ते सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनातला त्याचा दाटपणा. विदर्भातला उन्हाळा कडक, म्हणून आपल्या मनाने दाट ऑइल घालणं बरोबर नाही. इंजिनातल्या फटी आणि ऑइल पंप ठरावीक ऑइल गृहीत धरून बनवलेले असतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडबाहेर जाऊ नये.

प्रत्यक्ष कामात सगळ्यात मोठा धोका इंजिनाला नसून माणसाला असतो. आपल्या छोट्या गाड्यांखाली जेमतेम वीतभर जागा असते, म्हणून गाडी पुढून उचलावी लागते. जॅक गाडी उचलण्यापुरता असतो. तिचं वजन धरून ठेवायला स्टँडच लागतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. जागा सपाट आणि टणक हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावलेले हवेत. इंजिन आधी काही मिनिटं चालवून कोमट करावं, म्हणजे ऑइल पातळ होऊन घाणीसकट बाहेर येतं. गाडी लांबून चालवून आणल्यावर लगेच मात्र खोलू नये, कारण उकळतं ऑइल हात भाजतं. ड्रेन प्लग शेवटच्या आट्यावर सुटला की ऑइल सरळ खाली पडत नाही, आडवी धार मारतं. मग धार मंदावत टबाच्या अलीकडे सरकते. टब आधीच थोडा पुढे ठेवून नंतर मागे घ्यावा, नाहीतर पहिला अर्धा लिटर फरशीवर जातो. ऑइल पूर्ण निथळल्यावर नवा वॉशर घालून प्लग आधी हाताने फिरवावा आणि नंतर पान्याने बेताचा आवळावा. ऑइलचं भांडं ॲल्युमिनियमचं असेल, तर जास्त जोर लावल्याने आटे जातात आणि काही रुपयांच्या वॉशरचं काम हजारांवर जातं.

फिल्टर बदलताना एक गोष्ट नक्की तपासावी. जुना फिल्टर निघतो, पण त्याची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर दोन रिंगांमधून ऑइल दाबाने बाहेर फेकलं जातं आणि थोड्याच वेळात इंजिन कोरडं पडू शकतं. म्हणून बसण्याची जागा कापडाने पुसून बोटाने चाचपावी, नव्या रिंगला ऑइलचं बोट फिरवावं आणि रिंग टेकल्यावर फिल्टर हातानेच साधारण पाऊण फेरा आवळावा. ऑइल सांगितलेल्या मापापेक्षा थोडं कमी भरून इंजिन मिनिटभर चालवावं, बंद करून काही मिनिटं थांबावं आणि मग डिपस्टिक पाहून उरलेलं भरावं. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवी. जास्त भरलेलं ऑइल फिरत्या क्रँकशाफ्टने घुसळलं जातं, त्याला फेस येतो, आणि फेसाळलेलं ऑइल वंगणाचं काम नीट करत नाही.

गाडीचं काम इथे संपतं, मालकाचं संपत नाही. जळक्या ऑइलचे आपल्याकडे नाना उपयोग केले जातात. वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटींना आणि कुंपणाच्या खांबांना ते फासतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडतात, भट्टीत जाळतात. हे उपयोग काटकसरीतून आले आहेत, पण त्यांची किंमत माती, पाणी आणि माणसाचं शरीर मोजतं. वापरलेल्या ऑइलमध्ये धातूंचे अंश आणि अर्धवट जळालेल्या इंधनातून आलेली घातक संयुगं असतात. उंदरांच्या त्वचेवर पेट्रोल इंजिनातलं वापरलेलं ऑइल लावून केलेल्या प्रयोगांत गाठी झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेलं आहे. म्हणून हातमोजे घालणं आवश्यक आहे. पाण्याचा हिशेब तर आणखी गंभीर आहे. एका गाडीतून एका वेळी निघालेलं ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. सोसायटीच्या पार्किंगमधली पावसाळी गटारं नाल्याला आणि नाला नदीला मिळतो. वाटेत शुद्धीकरण होत नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा आहे आणि इथलं भूजल खडकाच्या भेगांमधून फिरतं. विहिरीजवळच्या मातीत ओतलेलं ऑइल तिथेच जिरून नाहीसं होतं, हा समज धोक्याचा आहे.

हेच ऑइल योग्य हाती गेलं, तर मौल्यवान ठरतं. वापराने ऑइल मळतं आणि त्यातली रसायनं संपतात, पण मूळ तेल बऱ्याच अंशी शाबूत असतं. पाणी काढून, निर्वात ऊर्ध्वपातन करून आणि पुढच्या प्रक्रियांनी शुद्ध करून त्यापासून पुन्हा बेस ऑइल बनवता येतं. अमेरिकेच्या त्याच संस्थेच्या हिशेबाप्रमाणे साधारण १५९ लिटर कच्च्या तेलातून जेवढं वंगण तेल मिळतं, तेवढंच पावणेचार लिटर वापरलेल्या ऑइलमधून मिळतं. आपल्या देशाला लागणारं बहुतांश कच्चं तेल आयात करावं लागतं, हे लक्षात घेतलं की टबातल्या काळ्या ऑइलचं मोल कळतं. कायदाही त्याच दिशेने गेला आहे. २०१६च्या घातक कचरा नियमांमध्ये वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे, आणि २०२३मधल्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२४पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आहे. पुनर्प्रक्रियेचं हे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढत जाणार आहे.

यावर कुणी म्हणेल, रस्त्यावरच्या कितीतरी गॅरेजमधलं ऑइल कुठे जातं, याची कुणी चौकशी करत नाही, मग माझ्या तीन लिटरने काय बिघडणार? आक्षेपातलं पहिलं वाक्य खरं आहे, पण त्यातून निघणारा अर्थ चुकीचा आहे. गॅरेजमध्ये निदान पिंपभर ऑइल एका जागी जमतं, त्यामुळे ते विकत घेणारा माणूस तिथे येतो आणि तपासणीही होऊ शकते. घराघरांत विखुरलेले तीन-तीन लिटर गोळा करायला कुणी येत नाही. म्हणजे घरी ऑइल बदलणाऱ्याची जबाबदारी गॅरेजवाल्यापेक्षा जास्त आहे. ज्यांना गॅरेजचा व्यवहार खटकतो, त्यांनी आपल्या मेकॅनिकला जुनं ऑइल कोण नेतं आणि तो प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणीकृत आहे का, एवढं विचारायला सुरुवात करावी. गिऱ्हाईक विचारू लागलं, की उत्तर तयार ठेवावं लागतं.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि वॉरंटीचा. ऑइल आणि फिल्टर कुठेही बदलले तरी विकत घ्यावेच लागतात. वाचते ती मजुरी. वर्षातून एकदा ऑइल बदलणाऱ्याचा जॅक, स्टँड आणि पान्यांवरचा खर्च निघायलाच काही वर्षं लागतात. म्हणून निव्वळ बचतीसाठी हा खटाटोप करण्यात अर्थ नाही. खरा लाभ वेगळा आहे. बाजारात बनावट ऑइल फिरतं, त्यामुळे सीलबंद डबा स्वतः फोडून योग्य ग्रेडचं ऑइल योग्य मापात घातल्याची खात्री मोलाची आहे. गाडीखाली गेल्यावर गळती, फाटलेलं रबर, सैल नट लवकर दिसतात. वॉरंटीबाबत सावध राहावं. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नये, असा आदेश भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्धच्या प्रकरणात दिला होता. तरीही वॉरंटी चालू असेपर्यंत तिच्या अटी वाचाव्यात आणि ऑइल, फिल्टरची बिलं तारखेनिशी जपून ठेवावीत. नव्या गाडीसाठी अधिकृत सर्व्हिसच सोयीची पडते.

राहिला प्रश्न ऑइल द्यायचं कुठे. मेकॅनिक ओळखीचा असेल आणि त्याचं पिंप नोंदणीकृत संकलकाकडे जात असेल, तर तिथे ते देता येतं. मात्र ऑइल बदलण्याआधीच त्याचा होकार घ्यावा. टबातलं ऑइल रिकाम्या डब्यात भरून त्यावर ‘वापरलेलं ऑइल’ असं ठळक लिहावं. त्यात पाणी, कूलंट, ब्रेक ऑइल किंवा रॉकेल मिसळू नये, कारण मिसळलेल्या ऑइलवर प्रक्रिया करणं अवघड जातं. फिल्टर उलटा ठेवून निथळू द्यावा. नव्या ऑइलचे उरलेले रिकामे डबे भोक पाडून मगच भंगारात द्यावेत, म्हणजे कुणी त्यांत बनावट ऑइल भरून विकणार नाही.

एवढी धडपड प्रत्येकाने एकट्याने करावी, ही अपेक्षा फार दिवस टिकणारी नाही. अमेरिकेत ऑटोपार्ट विकणारी अनेक दुकानं गिऱ्हाइकाचं वापरलेलं ऑइल विनामूल्य परत घेतात. आता आपल्याकडे कंपन्यांवर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आलीच आहे, तर नवा डबा विकणाऱ्या दुकानातच जुनं ऑइल घेण्याचं पिंप ठेवायला हवं, आणि ग्राहक म्हणून आपण ते दुकानदाराकडे मागायला हवं. तोपर्यंत नियम साधा ठेवावा: जुनं ऑइल घेणारा माणूस आधी पक्का करा, ड्रेन प्लगला हात नंतर लावा. असा माणूस मिळत नसेल, तर गॅरेजमध्ये स्वतः उभं राहून, आपण नेलेलं ऑइल डोळ्यांदेखत घालून घ्यावं. त्यातही शिकायला भरपूर मिळतं, आणि नदी-विहिरींचं नुकसान होत नाही.