कार्डावरचं ‘स्वस्त’ लोन घेताय? आधी हे विचारा!

दिवाळीचा माल भरायचाय आणि नेमका मेसेज येतो, ‘कार्डावर एक लाख, फक्त १% महिना!’ मित्रांनो, आधी एकच विचारा, फ्लॅट की रिड्यूसिंग?

फ्लॅट असेल तर वर्षाचं व्याज १२,०००. त्यावर १८% जीएसटी, २,१६०. प्रोसेसिंग फी १% धरली तर जीएसटीसकट १,१८०. झाले १५,३४०! मुद्दल तुम्ही दर महिन्याला फेडताय, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर. नुसत्या व्याजाचाच खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो.

माल दोन महिन्यांत उठणार असेल, मार्जिन चांगलं असेल, तर मीही घेईन. पण मुदतीआधी बंद करायचा चार्ज विचारूनच. आणि उधारी अडकली म्हणून घेत असाल, तर आधी उधारीची वही काढा आणि फोन लावा.