चिखलातली सायकल

बीड जिल्हा म्हटला की दुष्काळ आणि ऊसतोड एवढेच डोळ्यांपुढे येते. पण पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात, १९९४ साली घोषित झालेले नायगावचे मयूर अभयारण्यही आहे. गेल्या पावसाळ्यात वस्तीतली पोरे-पोरी घेऊन आम्ही त्या भागातल्या रानवाटांनी साध्या सायकलींवर निघालो.

काळी माती ओली झाली की चाक आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसते, चाक फिरतच नाही. काडीने ती उकरून काढावी लागते. माउंटन बाईकला बहुधा मडगार्ड नसतो, टायर जाड व खाचांचे असतात, ते यासाठीच. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या हौशी तरुणांनी जुन्याच सायकली दुरुस्त करून हा खेळ वाढवला. १९९६ साली तो ऑलिंपिकमध्ये गेला.

आमचा नियम एकच होता: शेवटची मुलगी येईपर्यंत कोणी पुढे जायचे नाही.

दसऱ्यानंतर यांतल्या काहींचे आईबाप कारखान्यावर जातात. घरी सायकल असली, तर पोर आजीजवळ राहून दूरची शाळा गाठू शकते. म्हणून पालकांनो, चिखल वाळण्याआधी सायकल धुवा, चेनला तेल द्या आणि ती मुलीच्याही हाती द्या.