मोबाईलमधले धागे

आमच्या राळेगाव तालुक्यात कापूस पुष्कळ पिकतो. कापसापासून धागा होतो हे सर्वांना माहीत आहे. पण मोबाईलमध्येही धागे असतात, बरं का! एकामागून एक करायच्या कामांच्या ओळीला संगणकाच्या भाषेत धागा म्हणजे थ्रेड म्हणतात.

अँड्रॉइड फोनच्या प्रत्येक ॲपात एक मुख्य धागा असतो. पडद्यावर अक्षरे व चित्रे दाखवणे, आपले बोट कुठे लागले ते पाहणे, ही त्याची कामे. त्याला जराही फुरसत नसते. म्हणून फोटो पाठवणे, माहिती साठवणे अशी वेळ खाणारी कामे मागचे धागे करतात.

मी हे शाळेवरून समजून घेतले. गुरुजी वर्गात शिकवत आहेत. सर्व वर्गांची हजेरी मोजायची आहे. ते स्वतः गेले तर शिकवणे थांबेल. मंग ते एका मुलाला पाठवतात. मुलगा मोजून येतो अन् आकडा सांगतो. फळ्यावर मात्र गुरुजीच लिहितात. तसेच मागच्या धाग्याने पडद्याला हात लावायचा नसतो. लावला तर ॲप बहुतेक तिथेच बंद पडते.

आता दुसरी गोष्ट. फोन आडवा केला की अँड्रॉइड सहसा जुना पडदा मोडून नवा मांडते. मागचा धागा जुन्याच पडद्याला धरून बसला तर त्याचे उत्तर वाया जाते, अन् मोडलेल्या पडद्याचे सामान मेमरीत अडकून राहते. जसे, मुलगा मोजून परत आला, तर वर्ग झाडाखाली गेलेला! पण शाळेचे ऑफिस जागेवरच असते. आकडा तिथे दिला तर गुरुजींना तो कुठेही मिळतो. ॲपच्या अशा ऑफिसाला ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट म्हणतात. ॲप चालू आहे तोवर ते राहते. मात्र ऑफिसात बसून वर्गाच्या फळ्यावर लिहिता येत नाही. पडद्यावर काही दाखवायचे तर समोरचा पडदाच लागतो.

याचा आपल्याला काय उपयोग? २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकरी ई-पीक पाहणीच्या ॲपावर स्वतः पिकाची नोंद करतात. आमचे बाबाही वावरात उभे राहून पऱ्हाटीचा फोटो काढतात. ही नोंद सातबाऱ्यावर जाते अन् नुकसानभरपाई मागताना कामी येते. कोणत्याही ॲपाचा मुख्य धागा अडकला अन् ५ सेकंद त्याने बोटाला ओ दिली नाही, तर अँड्रॉइड विचारते, थांबायचे की ॲप बंद करायचे? बंद केले तर सगळे धागे एकदम तुटतात. अर्धे झालेले काम वाया जाऊ शकते. म्हणून आधी दमानं थांबावे.

मित्रांनो, आपल्यापैकी कोणी मोठेपणी ॲप तयार केले तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जड काम मुख्य धाग्याच्या डोक्यावर देऊ नका. अन् लांबचे काम मोडणाऱ्या पडद्याला बांधू नका.

– इयत्ता ४ थी