पटाच्या बैलाचा अडणारा पाय
भंडारा जिल्ह्यात २०१४ नंतर थांबलेले शंकरपट २०२१ च्या न्यायालयीन परवानगीनंतर पुन्हा भरू लागले आहेत. पटाच्या एखाद्या बैलाचा मागील पाय सकाळी उठताना मागे ताठ अडतो, खूर जमिनीस घासतो आणि थोडे चालल्यावर झटक्यासरशी मोकळा होतो. म्हणून मालक तिकडे दुर्लक्ष करितो. वस्तुतः गुडघ्याची वाटी वर सरकून अडकल्याने असे घडते. बैल चार पावले मागे सारल्यास ती कित्येकदा सुटते. परंतु दोष जात नाही. डाग दिल्याने केवळ जखम होते. पशुवैद्यकाकडून वाटीचा आतील बंध कापण्याची लहानशी शस्त्रक्रिया वेळीच करून घ्यावी. पशुवैद्यक सांगेपर्यंत बैल पटात जुंपू नये. धावेत पाय अडल्यास बैलाबरोबर धुरकऱ्याच्याही जिवावर बेतते.