वेलाची शेवटची काकडी: धोंडस करायचं की फेकून द्यायची?

दसरा झाला की पनवेलच्या परसबागांत वेल आवरायला घेतात. मृगाच्या पावसावर लावलेल्या काकडी, दोडका, दुधीची पानं पिवळी पडलेली असतात आणि ऑक्टोबरचं ऊन भाजून काढत असतं. मांडवावर पानांआड राहून गेलेली चार-दोन फळं तेवढी लटकत असतात. जून, जाडजूड, पिवळट. कोशिंबिरीला नकोशी.

पण कोकणात या जून काकडीला मान आहे. तिला म्हणतात तवसं, आणि त्याचं होतं धोंडस. कुणी तवसळी म्हणतं.

कोवळी काकडी यासाठी घेतलीत तर मजा येत नाही. तवशाचा गर घट्ट असतो आणि किसला की भरपूर पाणी सुटतं. आतल्या बिया आणि मऊ भाग काढून टाका, किसातलं पाणी मात्र टाकू नका, रवा त्यातच शिजतो. दोन वाट्या कीस असेल तर एक वाटी तांदळाचा रवा तुपावर भाजून घ्या. पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, वेलची. सगळं एकत्र करून एक वाफ आणा आणि तूप लावलेल्या जाड बुडाच्या पातेल्यात थापा. पूर्वी चुलीवर ठेवून झाकणावरही निखारे ठेवत. आता पातेल्याखाली तवा ठेवून मंद आचेवर पाऊण तास द्या. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झालं. गरम असताना कापायची घाई केलीत तर चुरा होईल.

आता महत्त्वाचं. किसण्याआधी काकडीचा एक तुकडा जिभेला लावून बघा.

काकडी, दुधी, दोडका या कुळातल्या झाडांमध्ये कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. किडी आणि जनावरांपासून बचावासाठी झाडच ती तयार करतं. ऊन वाढलं, पाणी कमी पडलं की त्यांचं प्रमाण वाढू शकतं. हंगामाच्या शेवटी नेमकं तेच होतं. काकडीत हा कडवटपणा बहुतेकदा देठाकडे आणि सालीखाली असतो, त्यामुळे तेवढा भाग कापून भागतं. आतला गरही कडूजहर लागला तर मात्र ती काकडी टाकून द्या.

दुधीच्या बाबतीत तर अजिबात धोका पत्करू नका. कडू दुधीच्या रसाने उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव, रक्तदाब एकदम खाली येणं असे प्रकार घडले आहेत, माणसं दगावलीही आहेत. २०११ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू दुधीचा रस पिऊ नये, असं स्पष्ट सांगितलं. यावर खास असा उतारा नाही. आणि शिजवल्याने हे द्रव्य नष्ट होत नाही, गुळाने फक्त चव झाकते. ‘कडू ते औषध’ हे इथे लागू नाही. (कारल्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा, त्याची भाजी बिनधास्त खा.)

नरकचतुर्दशीला पायाच्या अंगठ्याखाली फोडतात ते कारीटही याच कुळातलं. ते आपण जिभेला लावतो, खात नाही.

बाकीच्या शेवटच्या मालाचं सोपं आहे. जून दोडक्याची शिर आणि साल तीळ घालून परता, चटणी होते. अळूची पानं संपली की खालचे कंद उकरा. ते चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवा, नाहीतर घसा खवखवतो. लाल भोपळा देठासकट तोडा. देठ तुटलं की तिथून सड सुरू होते. जुन्या घरांत भोपळे आणि तवशी आढ्याला टांगत, ते हवा खेळती राहावी आणि ओल लागू नये म्हणून. फ्लॅटमध्ये आढं नाही, पण बाल्कनीत सावलीला जाळीच्या पिशवीत टांगता येतात.

बियाणं ठेवायचं असेल तर गोड निघालेल्या फळाचंच ठेवा. कडू फळाची बी पुढच्या मृगाला पुन्हा कडू फळ देऊ शकते.